वेटसूट की ड्रायसूट? आधी पाण्याचं तापमान विचारा

"डॉक्टर, जूनमध्ये मुलीकडे सिएटलला चाललोय. ती म्हणते, बाबा, तुम्हाला कयाकिंगला नेते. माझी बीपीची गोळी चालू आहे. जाऊ ना?"

एप्रिल-मे आला की अशा प्रवासाचे प्रश्न घेऊन पेशंट येतातच. यंदा या काकांनी खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. मुलीचा मेसेज होता, "डॉक्टरांना हेही विचारा, तुमच्यासाठी वेटसूट भाड्यानं घेऊ की ड्रायसूट?"

पहिल्यांदा वाटलं, हा काय डॉक्टरला विचारायचा प्रश्न आहे? हा दुकानदाराला विचारावा. पण थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की मुलगी बरोबर माणसाला विचारत होती. या दोन सुटांमधली निवड ही आवडीची किंवा फॅशनची गोष्ट नाही. थंड पाण्यात पडल्यावर हृदय, फुप्फुसं आणि स्नायू यांचं काय होतं, हे कळल्याशिवाय तिचं उत्तर देता येत नाही. परदेशी मुलांकडे जाणारे आई-बाबा, तिकडे राहणारे तुम्ही स्वतः आणि लडाखला झंस्कार नदीवर राफ्टिंगला जाणारे ग्रुप, या सगळ्यांनाच हे लागू आहे, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. "कुठला सूट जास्त उबदार?" हा प्रश्न चुकीचा आहे. सूट आपल्याला वेळ मिळवून देतो. पाण्यात पडल्यापासून बाहेर येईपर्यंत तुम्हाला किती वेळ लागेल, हे आधी ठरवा. मग त्या पाण्यात तेवढा वेळ पुरवणारा सूट घ्या. आणि तसा सूट मिळत नसेल, तर तडजोड सुटात करू नका, पाणी बदला.

हवेवर जाऊ नका

आपला पाण्याचा अनुभव तारकर्ली, मालवण, गोवा इथला असतो. आपल्याकडचा समुद्र वर्षभर साधारण २५ ते ३० अंश असतो. त्यात पडलं तर कपडे भिजतात, नाकातोंडात खारं पाणी जातं आणि आपण हसत बाहेर येतो. हा अनुभव सिएटलच्या प्युजेट साउंडमध्ये उपयोगाचा नाही. तिथे जुलैच्या दुपारी हवा २५ अंश, स्वच्छ ऊन, लोक टी-शर्टवर असतात. पाणी मात्र भर उन्हाळ्यातही बहुतेक ठिकाणी १० ते १४ अंशांच्या आसपास. झंस्कारचंही तसंच. वरून लडाखचं कडक ऊन चटके देतं आणि खाली बर्फ वितळून आलेलं पाणी वाहतं.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं शरीरातली उष्णता ओढून घेतं. म्हणून कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून घालायचे. अमेरिकेत थंड पाण्यातल्या सुरक्षिततेवर काम करणारे लोक २१ अंशांच्या खालचं कुठलंही पाणी सावधपणे घ्या असं सांगतात. २१ अंश म्हणजे आपल्याला 'गारसर' वाटेल इतकंच.

पाण्यात पडल्यावर काय होतं?

बहुतेकांना वाटतं की थंड पाण्यात माणूस गारठून, म्हणजे हायपोथर्मियानं मरतो. हायपोथर्मिया म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जाणं. पण तिथपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्याच्या कितीतरी आधी माणूस बुडू शकतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हे लक्षात ठेवायला सोपं सूत्र दिलं आहे: १-१०-१. एक मिनिट, दहा मिनिटं, एक तास.

पहिलं मिनिट कोल्ड शॉकचं. थंडीत बंब पेटलेला नसताना पहिला तांब्या अंगावर घेतला की 'हाऽ' करून श्वास आत जातो ना? तेच, पण कितीतरी जोरात आणि सगळ्या अंगावर एकदम. हा श्वास तुम्ही थांबवू शकत नाही. एका दमात दोनेक लिटर हवा आत ओढली जाते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर हवेच्या जागी पाणी जातं. त्यानंतर धाप लागते. कोरड्यात पाऊण मिनिट श्वास रोखणारा माणूस इथे दहा सेकंदही रोखू शकत नाही. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि ब्लड प्रेशर झपकन चढतं. हा शॉक १० ते १५ अंशांच्या पाण्यातच पुरेपूर जोरात येतो. त्यासाठी बर्फाचं पाणी लागत नाही.

पुढची दहा मिनिटं हातापायांची. आतलं शरीर अजून गरम असतं, पण हातांच्या नसा आणि स्नायू गार पडतात. बोटं वळत नाहीत, बक्कल लावता येत नाही, उलटलेल्या कयाकवर परत चढता येत नाही. उत्तम पोहणारा माणूसही पोहू शकत नाही. "मला पोहता येतं" हा भरवसा इथे संपतो.

मग साधारण तासाभरानं शुद्ध हरपेल इतका हायपोथर्मिया. पाणी फार थंड नसलं तरी वेळ मिळाला की तो येतो. डिसेंबर १९६३ मध्ये मदेरा बेटाच्या जवळ लाकोनिया नावाच्या प्रवासी जहाजाला आग लागली. पाणी सुमारे १८ अंश होतं. १२८ जण दगावले. त्यांतले पुष्कळ जण लाइफ जॅकेट घालून तरंगत होते. त्यांना मारलं ते थंडीनं.

सूट निवडताना हे तीन टप्पे डोळ्यांसमोर ठेवा. सूट पहिल्या मिनिटातला शॉक सौम्य करतो, दहा मिनिटांची वीस-तीस करतो आणि तासाचे काही तास करतो. लाइफ जॅकेट पहिल्या मिनिटात तुमचं तोंड पाण्याच्या वर ठेवतं. म्हणून दोन्हींपैकी एकच मिळत असेल, तर लाइफ जॅकेट घ्या. आणि ते अंगात घातलेलं, बक्कल लावलेलं हवं. कयाकच्या मागे बांधून ठेवलेलं जॅकेट हे गाडीच्या डिकीत ठेवलेल्या हेल्मेटसारखं आहे.

वेटसूट

वेटसूट म्हणजे निओप्रीन नावाच्या रबराचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख. बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केला. नावाप्रमाणे आत पाणी शिरतं, तुम्ही ओले होता. ते पाण्याचं पातळ अस्तर अंगानं तापतं आणि ऊब देतं, असं सर्रास सांगितलं जातं. खरी ऊब देतात ते निओप्रीनमध्ये अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे. पाण्याचं अस्तर फक्त जागच्या जागी राहिलं पाहिजे, म्हणजे नवं थंड पाणी आत येत राहणार नाही.

म्हणून वेटसूट मापाचाच हवा. पाठीत किंवा काखेत फुगा राहत असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर गार पाणी आत-बाहेर खेळेल आणि सूट घालून न घातल्यासारखा होईल. वल्हवणाऱ्यांसाठी ३ मिलिमीटर जाडीचा, बिनबाह्यांचा सूट मिळतो. त्यात खांदे मोकळे राहतात. वरून वाराप्रतिबंधक जॅकेट घालायचं.

त्याचा मोठा गुण असा की तो बिघडला तरी पूर्ण निकामी होत नाही. गुडघ्यावर फाटला तरी बाकीचा चालतो. मोठी अडचण अशी की एकदा भिजलात आणि वाऱ्यात बसून राहिलात, की पाणी उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जातं. आणि फार थंड पाण्यात ३ मिलिमीटरनं मिळणारा वेळ कमी पडतो.

ड्रायसूट

ड्रायसूट म्हणजे पाणी आत न येऊ देणारी पिशवी. गळ्याला आणि मनगटांना रबराच्या घट्ट पट्ट्या, पायांत जोडलेले मोजे आणि पाणी न शिरणारी झिप. लोक इथे एक चूक करतात. ड्रायसूटचं कापड स्वतः जवळपास काहीच ऊब देत नाही. ऊब देतात ते आत घातलेले लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे. आत नुसता टी-शर्ट घालून १० अंशांच्या पाण्यात पडलात, तर कोरडे राहाल आणि तरीही गारठाल. सुती कपडे तर नकोतच. घामानं ओले झाले की ऊब संपली.

आतले कपडे बरोबर असतील, तर ड्रायसूटइतकं संरक्षण दुसरं नाही. पण त्याचं बिघडणं वाईट. झिप दोन बोटं उघडी राहिली किंवा गळ्याची पट्टी फाटली, की आतली लोकर भिजते आणि सगळं संरक्षण एका झटक्यात जातं. पाणी भरलं की सूट तुम्हाला तळाशी ओढतो, हा समज मात्र चुकीचा आहे. पाण्यात पाण्याचं वजन जाणवत नाही. त्रास होतो तो पाय जड झाल्यामुळे कयाकवर परत चढताना. शिवाय सूट घातल्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि गळ्याची पट्टी बोटानं जराशी ओढून आतली जास्तीची हवा काढून टाकायची. नाहीतर ती हवा पायांत जाऊन बसते आणि पाण्यात तोल सांभाळणं अवघड होतं.

मग मी काय सांगतो?

जाणकार मंडळी बऱ्याचदा म्हणतात, "परवडत असेल तर डोळे मिटून ड्रायसूट घ्या." मला हे पटत नाही. पहिल्यांदाच जाणारा माणूस, भाड्याचा सूट, दहा मिनिटांची ओळख. तो झिप पूर्ण लावेल, हवा काढेल, आत योग्य कपडे घालेल, याची खात्री काय? त्याच्यासाठी फार थंड नसलेलं पाणी, किनाऱ्याजवळ राहणं आणि मापाचा वेटसूट हेच जास्त सुरक्षित.

उलट बाजूचं म्हणणंही पटत नाही: "वेटसूट आहे ना, मग काय होतंय!" १० अंशांच्या पाण्यात, किनाऱ्यापासून किलोमीटरभर आत, सोबत एकच माणूस असताना ३ मिलिमीटरचा बिनबाह्यांचा वेटसूट पुरत नाही.

माझा हिशेब साधारण असा आहे. हे नियम नाहीत, डॉक्टर म्हणून माझा अंदाज आहे.

- पाणी २० अंशांच्या वर: लाइफ जॅकेट आणि पटकन वाळणारे कपडे. लवकर गारठणाऱ्यांनी पातळ वेटसूट.
- १५ ते २० अंश: मापाचा वेटसूट.
- १० ते १५ अंश: किनाऱ्याला लागून, थोडाच वेळ, तब्येत ठणठणीत आणि सोबत अनुभवी माणूस असेल तर पूर्ण बाह्यांचा जाड वेटसूट. यातलं एकही कमी असेल तर ड्रायसूट.
- १० अंशांच्या खाली: ड्रायसूट, आत लोकर किंवा फ्लीस. नवख्यांनी जाऊच नये.

पन्नाशी उलटली असेल किंवा ब्लड प्रेशर असेल, तर स्वतःला एक पायरी खालच्या, म्हणजे जास्त थंड पाण्याच्या गटात धरा.

"पण ड्रायसूट हजार डॉलरच्या घरात जातो, डॉक्टर!" मान्य आहे. म्हणूनच म्हणतो, सूट नसेल तर पाणी बदला. सिएटलमध्येच लेक वॉशिंग्टन आहे. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये त्याचं वरचं पाणी २० अंशांच्या पुढे जातं. प्युजेट साउंडपासून गाडीनं अर्धा तासही नाही. एकाच शहरात, एकाच दिवशी, एका पाण्यात ड्रायसूट लागतो आणि दुसऱ्यात लाइफ जॅकेटवर भागतं.

झंस्कारवर तुम्हाला निवड नसते. आयोजक देतील तोच सूट घालावा लागतो. तिथे निदान एवढं करा: मापाचा सूट मिळेपर्यंत निघू नका, वरून जॅकेट मागून घ्या, लाइफ जॅकेटचे पट्टे दुसऱ्याकडून ओढून तपासून घ्या. "उशीर होतोय, हाच चालवून घ्या" याला नाही म्हणायला लाजू नका.

कोणी आधी डॉक्टरांना भेटावं?

हृदयविकार, स्टेंट, अँजायना किंवा हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असेल, तर थंड पाण्यात पडायची शक्यता असलेले खेळ सूट घालूनही टाळा. कोल्ड शॉकमुळे हृदयाचे ठोके वाढतात. त्याच वेळी चेहरा गार पाण्यात बुडून श्वास रोखला गेला, तर दुसरी प्रतिक्रिया ठोके कमी करते. एक पाय ॲक्सिलरेटरवर आणि एक ब्रेकवर, अशी ही अवस्था. ब्रिटनमधले शास्त्रज्ञ माइक टिप्टन आणि मायकल शॅटॉक यांनी दाखवून दिलं आहे की या ओढाताणीत हृदयाची लय बिघडू शकते. सूट अंगाला वाचवतो, चेहरा उघडाच राहतो. घरात लाँग क्यूटी सिंड्रोम असेल किंवा कोणी तरुण वयात पोहताना अचानक गेलं असेल, तर आधी ईसीजी काढून घ्या.

बीपी असणाऱ्यांनी ते आटोक्यात आहे ना, हे आधी बघावं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नये. लघवीची गोळी चालू असलेल्यांनी किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी एक व्यावहारिक गोष्ट बघावी. थंडीत आणि पाण्यात लघवी जास्त होते, आणि सगळ्या ड्रायसुटांना त्यासाठी वेगळी झिप नसते. "मग पाणीच पीत नाही" हा त्यावरचा उपाय नाही.

गार पाण्यानं अंगावर पित्त उठत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नका. अशा व्यक्तीचं सगळं अंग थंड पाण्यात गेलं, तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. दमा असेल तर इन्हेलर पाण्यापासून जपून, हाताशी ठेवा. मधुमेह असेल तर जाण्याआधी खाऊन घ्या. साखर उतरली की अंगाला कापरं भरून ऊब निर्माण करायची शक्तीच कमी होते.

सुटाच्या निवडीत ॲलर्जीही येते. ड्रायसूटच्या पट्ट्या बऱ्याचदा लेटेक्सच्या असतात. रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी ज्यांना त्रास होतो, त्यांनी सिलिकॉनच्या किंवा निओप्रीनच्या पट्ट्या मागाव्यात. काहींना निओप्रीनमधल्या रसायनांनी अंगावर खाज येते आणि चट्टे उठतात. आणि गळ्याची पट्टी फार घट्ट नको. मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब आला, तर नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. पट्टी घातल्यावर गरगरलं, तर "सवय होईल" म्हणू नका, लगेच काढा.

दारूबद्दल वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. एक पेग घेतल्यानं अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, कारण त्वचेकडचं रक्त वाढतं. म्हणजे उष्णता बाहेर जायचा दरवाजा तुम्हीच उघडून देता.

निघण्याआधी पाच मिनिटं

सूट घालून, लाइफ जॅकेट बांधून, सोबत माणूस ठेवून कमरेएवढ्या पाण्यात उतरा. हळूहळू गळ्यापर्यंत बसा. पाच मिनिटं थांबा. पाणी कुठून आत येतंय? श्वास ताब्यात आहे का? बोटं चालतायत का? इथे नकोसं झालं, तर आत किलोमीटरभर गेल्यावर काय होईल, याचं उत्तर तुम्हाला मिळालं. तिथूनच परत फिरा.

आणि पडलातच, तर पहिलं मिनिट पोहायचं नाही. डोकं मागे टाकून पाठीवर तरंगायचं, कयाक धरून ठेवायचा आणि श्वास ताब्यात येऊ द्यायचा. मग हात चालतायत तोवर वर चढायचं किंवा मदत मागायची. बाहेर काढलेल्या माणसाला आडवं ठेवा. चालायला लावू नका, हातपाय चोळू नका. ओले कपडे काढून कोरडं पांघरूण घाला, वाऱ्यापासून आडोसा करा आणि मदत बोलवा.

काकांना काय सांगितलं? त्यांचं बीपी आटोक्यात आहे, जिने चढताना धाप लागत नाही, छातीत कधी दुखलेलं नाही. मुक्काम सप्टेंबरपर्यंत आहे. म्हटलं, जरूर जा. पण ऑगस्टमध्ये, लेक वॉशिंग्टनवर, किनाऱ्याजवळ, पातळ वेटसूट आणि लाइफ जॅकेट घालून. प्युजेट साउंड फेरीबोटीच्या डेकवरून बघा, तिथून ते जास्त सुंदर दिसतं.

काका जरा हिरमुसले. "मुलगी म्हणेल, बाबा घाबरले."

मी म्हटलं, "तिला सांगा, डॉक्टर घाबरले."

तुम्हीही जाणार असाल, तर सुटाची किंमत बघण्याआधी मोबाईलवर एक आकडा शोधा: त्या दिवशीचं, त्या ठिकाणच्या पाण्याचं तापमान. तो कळला की पुढचा निर्णय सोपा होतो. आणि कधी कधी तो निर्णय "आज नको" असा असतो. तोही घेता आला पाहिजे.